मिनाचा मुलगा झाला

दाउवेने आपल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला केशरी रॅस मासा मादीच आहे, असं मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात छाती ठोकून सांगितलं होतं. नावही मिना ठेवलं. पुढे टाकीतला एकुलता एक नर मेला आणि मिनाच्या अंगावर नराचे निळे पट्टे उमटले. नर गेला की या जातीत मादीच नर होते, पण क्लबातला शूर्ड कसला ऐकून घेतोय.

“रविवारी सगळे बघायला येणार. माझं नाक कापलं जाणार,” दाउवे कुरकुरला.

“नाक राहू दे, टोस्ट आण,” बायको चित्स्के म्हणाली.

रविवारी तिने लोणी लावलेल्या टोस्टवर निळी साखरबडीशेप भुरभुरून पाहुण्यांपुढे ठेवली, त्यांच्याकडे घरात मुलगा झाला की वाटतात तशी.

शूर्डने टाकीत पाहिलं, मग टोस्ट उचलला.

“अभिनंदन, दाउव्या. रंग तुझा नाही घेतला, हे बरं झालं.”