वायरकाकांची साफसफाई

वायरकाकांना कुणी घरी बोलावलं आणि ते रिकाम्या हातानं गेले, असं कधी झालं नाही. शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह, पँटच्या खिशात कार्ड रीडर आणि चष्म्याच्या जुन्या डबीत बारके स्क्रू ड्रायव्हर. दारातूनच विचारायचे, "बंद करून चालू करून पाहिलंत का?" समोरचा हो म्हणायचा. काका त्याच्याकडे असे काही बघायचे, की तो मुकाट्यानं परत बंद करायला जायचा. आणि खोटं कशाला बोला, निम्म्या वेळा तेवढ्यानंच भागायचं.

जन्मभर त्यांनी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. वॉशरपासून पंपापर्यंत प्रत्येक वस्तूला एक जागा आणि प्रत्येक जागेवर एक चिठ्ठी. एकच बेअरिंग दोन फळ्यांवर सापडलं की त्यांचं डोकं फिरायचं. निवृत्त झाल्यावर ही सगळी शिस्त घरी आली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावायला घेतल्या आणि काकूंनी त्यांना तिथून हाकललं. मग उरला कॉम्प्युटर. तो बिचारा काही बोलत नाही, म्हणून काकांनी सगळी माया त्याच्यावर ओतली.

त्यांच्या टेबलाच्या कडेला कागदांना लावायच्या काळ्या क्लिपा ओळीनं चिकटलेल्या असत आणि प्रत्येक क्लिपेतून एकेक वायर डोकं बाहेर काढून बसलेली असे. एकही खाली पडायची नाही. हे बघायला माणसं येत, म्हणूनच वायरकाका हे नाव पडलं. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या ऑनलाइन अर्जाचं अर्धं भरलेलं पान चुकून बंद झालं, तेव्हा काकांनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "कंट्रोल, शिफ्ट आणि टी!" पान परत उघडलं. बाईंनी तेव्हापासून त्यांना जे हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, ते काही ते खाली उतरले नाहीत. मग काका शेजाऱ्यांसाठी व्हिडिओ करायला लागले. कॉपी केलेल्या जुन्या गोष्टी विंडोजचं बटण आणि व्ही दाबून कशा मिळवायच्या, कीबोर्डमधला कचरा कसा झटकायचा, प्रिंटर रुसला तर काय करायचं. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एकच ताकीद असायची: पेनड्राइव्ह असो की डिस्क, आधी स्क्रीनवर 'इजेक्ट' म्हणायचं, मगच उपसायची. सरळ उपसणाऱ्या माणसाशी ते दोन दिवस बोलत नसत.

काकू या सगळ्याकडे कौतुकानं बघत आणि लांब राहत. त्या प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. आयुष्य रात्रपाळ्यांत गेलेलं, त्यामुळे जागा मिळेल तिथे डुलकी काढायची आणि माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं काय दुखतंय ते ओळखायचं, या दोन विद्या त्यांना पक्क्या येत होत्या. कॉम्प्युटरवर त्यांचं काम एकच, आईचे फोटो.

काकूंची आई शेवटची काही वर्षं यांच्याकडेच होती. रोज सकाळी तोंड धुऊन, वेणी घालून झाली की काकू तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवत आणि जुन्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढत. खुर्ची तीच, खिडकी तीच, अंगावरची शालही बहुतेक तीच. काकांनी एकदा विचारलं होतं, रोज काय तेच ते? काकू म्हणाल्या, "माणूस रोज डोळ्यांसमोर असलं की बदल दिसत नाही. कालचा चेहरा शेजारी ठेवला की दिसतो." परिचारिकेची सवय. आई गेल्यावर फोटो काढणं थांबलं, पण एखाद्या दुपारी काकू तो फोल्डर उघडून बसत. तेवढा वेळ काका घरात पाय न वाजवता चालत. भले गृहस्थ हो, त्यात शंका नाही.

तर या भल्या गृहस्थाला एका सकाळी साफसफाईचा झटका आला.

फोटोंची मोठी डिस्क भरत आली होती आणि काकांच्या हाती एकसारख्या फायली हुडकून काढणारं एक नवीन सॉफ्टवेअर लागलं होतं. त्यात एक पट्टी होती, ती सरकवली की हुबेहूबच काय, 'जवळपास सारखे' फोटोही ते शोधायचं, त्यातला सर्वांत स्पष्ट एक ठेवायचं आणि बाकीचे कायमचे उडवायचं. काकांनी पट्टी सरकवली. यादी लांबलचक आली. तिच्यात कुणाकुणाचे फोटो आहेत ते बघायला हवं होतं की नाही? पण स्टोअरवाल्याला एकाच मालाचे ढीग दिसले, माणूस दिसलंच नाही. त्यांनी बटण दाबलं. केवढी जागा मोकळी झाली. काका खूश. त्या मोकळ्या जागेत त्यांनी आपले सगळे व्हिडिओ आणून ठेवले.

दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी फोल्डर उघडला. त्यात एकच फोटो होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "आई कुठंय?"

काका हात पुसत आले. स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी म्हणाले, "काही घाबरू नकोस, माझ्याकडे दोन प्रती असतात." आणि खरंच असत. धाकट्या डिस्कवर सगळ्याची दुसरी प्रत असे. फक्त ती प्रत ज्या सॉफ्टवेअरकडून होई, त्याला काकांनीच शिकवून ठेवलं होतं, की मोठीवर जे असेल तेच धाकटीवर हवं, एक फाइल कमी नको आणि एक जास्त नको. रोज जेवणानंतर ते आपोआप चालू व्हायचं. आजही झालं होतं. मोठीवरून गेलेले फोटो त्यानं इमानानं धाकटीवरूनही उडवले होते आणि आता त्याच जागेवर काकांचे व्हिडिओ भरायला सुरुवात केली होती. धाकटीचा निळा दिवा लुकलुकत होता.

काकांनी वायरला हात घातला आणि डिस्क सरळ उपसली. इजेक्ट नाही, काही नाही. दिवा विझला.

काकूंनी आदळआपट केली असती, तर काकांना बरं वाटलं असतं. त्या उठून आत गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

काकांना यातली एक गोष्ट नीट ठाऊक होती. पुसलेली फाइल लगेच जात नाही, तिची जागा तेवढी रिकामी म्हणून धरली जाते आणि दुसरं कुणी त्या जागेवर येऊन बसेपर्यंत ती तिथेच पडून असते. मोठी डिस्क तर त्यांनी सकाळीच स्वतःच्या हातानं भरून टाकली होती. आशा होती ती धाकटीची. त्यांनी ती जुन्या लॅपटॉपला जोडली, तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशी व्यवस्था केली, सापडेल ते उतरवायला तिसरी कोरी डिस्क लावली आणि पुसलेलं शोधणारं सॉफ्टवेअर चालू केलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. शिक्षिकाबाई प्रिंटरची तक्रार घेऊन आल्या, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. बंद करून चालू करा, एवढंसुद्धा म्हणाले नाहीत, यावरून काय ते समजा.

संध्याकाळी फोटो वर यायला लागले. एक, मग दहा, मग भराभर. काकांचा जीव भांड्यात पडला. पण नावं सगळी पुसली गेली होती. नावांच्या जागी नुसते आकडे, तेही वाटेल तसे. कॅमेऱ्यात तारीख कधी कुणी लावलीच नव्हती, त्यामुळे तिचाही उपयोग नव्हता. खुर्ची तीच, खिडकी तीच, शाल तीच. आधी कुठला आणि नंतर कुठला, हे काकांना काही केल्या कळेना.

त्यांनी काकूंना हाक मारली. त्या आल्या, पदराला हात पुसले, बसल्या आणि बोटानं दाखवायला लागल्या.

"हा पहिल्या हिवाळ्यातला. गाल बघा, भरलेले आहेत. हा त्याच्यानंतरचा. हा पुढे न्या, इथे डावी पापणी उतरायला लागली. इथे नवीन कवळी, तोंड कसं आवळून धरलंय. हा... या दिवशी माझ्यावर रागावली होती."

"कशावरून?"

"कॅमेऱ्याकडे बघत नाहीये ना."

काका एकेक फोटो सरकवत राहिले. एकाच घरात राहत होते ते, रोज त्या खुर्चीजवळून जात होते, आणि यातलं काहीच त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सॉफ्टवेअरला काय दोष द्यायचा? 'जवळपास सारखे' हे त्यांचंही मत होतं. लाज वाटली त्यांना, अगदी मनापासून वाटली.

रांग पुरी होत आली तसा काकूंचा हात थांबला. त्यांनी पुन्हा मागे जायला सांगितलं, पुन्हा पुढे. मग म्हणाल्या, "माझ्या ऑपरेशनचे दिवस नाहीत यात."

मधल्या एका पावसाळ्यात काकूंच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या बरेच दिवस दवाखान्यात अडकल्या होत्या. जाताना बजावून गेल्या होत्या, रोजचा फोटो चुकवू नका. तो काकांनी चुकवला नव्हता. वायर उपसायच्या आधी धाकटीवर जेवढे व्हिडिओ येऊन बसले, ते नेमके त्याच दिवसांवर बसले होते. काकांनी सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं, पट्ट्या हलवून पाहिल्या, मोठी डिस्कही उलटीसुलटी चाळून पाहिली. ते दिवस गेले होते.

"तेच मी सारखे बघायचे," काकू म्हणाल्या. "बाकीचे दिवस मला पाठ आहेत. तेव्हा मी नव्हते ना इथं." आणि त्या रडायला लागल्या.

यावर दाबायला काकांकडे कुठलं बटणही नव्हतं. ते नुसतेच म्हणाले, "चुकलं माझं."

काकूंनी डोळे पुसले. "कशी होती ती तेव्हा? तुम्ही तर होतात."

"बरी होती," काका म्हणाले. काकू बघत राहिल्या. चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या बाई त्या, 'बरी होती'वर कशा सोडतील? काका खुर्चीत मागे सरकले, पुढे आले.

"वेणी घातल्याशिवाय फोटो काढू द्यायच्या नाहीत. मला कुठं येते वेणी? पहिल्या दिवशी भांगच वाकडा काढला मी. आरशात बघून म्हणाल्या, राहू द्या जावईबापू, लेक आल्यावर नीट करेल. मग मी वायर गुंडाळतात तसे केस गुंडाळले आणि वर क्लिप लावली. तर हसल्या."

"हसली?"

"पुष्कळ हसल्या. फोटोत नाही आलं ते. मी आपला मान खाली घालून बटण शोधत होतो. आणि रोज विचारायच्या, लेक कधी येणार. मी म्हणायचो, उद्या."

"रोज उद्या?"

"रोज. त्यांना कळत होतं गं. तू यायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाल्या, मी रोज विचारत होते हे तिला सांगू नका हं. उगाच जिवाला लावून घेईल. म्हणून नाही सांगितलं इतकी वर्षं."

काकूंनी लॅपटॉप थोडा बाजूला सारला आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"पहिल्या दिवसापासून सांगा," त्या म्हणाल्या. "काही गाळू नका."