कडी नसलेलं घर

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी चहाचं आधण ठेवत होते. मुक्ता माझी लेक. आठवडाभरापासून ती लातूरला आक्कापाशी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीपाशी राहायला गेली होती. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "आई... मावशी ओ देईना." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, झोपली असेल, हलवून बघ. मी नाही म्हटलं. माणूस गेलं हे सांगायची आमच्याकडची ही रीत आहे, आणि ती आक्कानंच पाडलेली. मी खुर्चीवर बसून राहिले. आधण आटलं, पातेलं करपलं, शेजारीण वासानं धावत आली, तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

त्याआधी आक्काची माझी भेट झाली ती दवाखान्यात. तिथलं काचेचं दार आपोआप मिटायचं. आक्काला धड श्वास घेता येत नव्हता, तरी दार मिटलं की ही बाई उठून बसायची. "लावू नका हो बाई, दार लावू नका!" नर्स वैतागली, मग मीही वैतागले. म्हटलं, "आक्का, पिकलं पान तू, एवढी का भितीस मरणाला?" तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली, "मरणाला कोण भितंय, येडे? कोंडून मरायला भिते." डॉक्टरांच्या हातापाया पडून आम्ही तिला घरी आणलं. तिच्या घरात एकाही खोलीच्या दाराला आतून कडी नाही. का नाही, ते सांगायचं तर मुदखेडपासून सुरुवात करावी लागेल.

आमचे आबा मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. ते गेले तेव्हा मी पहिलीत असेन. घरातल्या बाया म्हणाल्या, आबा लांबच्या गावाला गेलेत. मी आपली रोज संध्याकाळी दारात बसून राहायची. रुळांवर माणसं दिसली की उठायची, पुन्हा बसायची. आक्का तेव्हा वयात आलेली, लग्नाला टेकलेली. एक दिवस तिनं माझा दंड धरला, घरामागं नेलं आणि म्हणाली, "मार हाक आबांना." मी मारली. "आनखी मोठ्यानं मार." मी घसा फोडून ओरडले. लांब इंजिनाची शिट्टी झाली, बस. आक्का म्हणाली, "बघितलंस? आता ते ओ देनार न्हाईत. कुटंबी गेले न्हाईत, मेलेत." एवढ्याशा पोरीला असं कुणी सांगतं का? मला तिचा भयंकर राग आला होता. पण त्यानंतर मी दारात बसायची थांबले, हेही खरं. फक्त झोपेत दचकून विचारायची, "आक्का, हायेस का?" आणि ती गोधडीतूनच म्हणायची, "ओ. झोप मुकाट्यानं."

लग्न होऊन ती औशाच्या पलीकडच्या एका खेड्यात गेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद, उन्हाळ्यात आत गारेगार. मला त्या घराचा हेवा वाटायचा. भावजी एसटीत कंडक्टर, त्यामुळं बरेचदा मुक्कामाच्या गाडीवर. त्यांना एकच लेक, शोभा. ती बारा-तेरा वर्षांची झाली आणि आक्का बदलली. घरी पाहुणेरावळे आले की तिचं एकच पालुपद, "शोभे, आतल्या खोलीत झोप. आन् आतून कडी घाल." यात तिचं काय चुकलं? आमच्याकडं लेकीच्या प्रत्येक आईनं हे वाक्य म्हटलेलं आहे. मीसुद्धा.

भूकंप झाला त्या रात्रीही घरी पाहुणे होते. आक्का आणि पाहुण्या बाया अंगणात निजल्या होत्या, त्या वाचल्या. आतली खोली पूर्ण पडली नव्हती. पण चौकट दबली, दार अडकलं आणि समोर दगडांचा ढीग. शोभाच्या हातानं कडी निघेना. आक्का बाहेरून दगड उपसत होती आणि विचारत होती, "शोभे, हायेस का?" आतून ओ येत होती. उजाडलं, तरी येत होती. "आई, कडी निघंना गं." मग मागची भिंत बसली... आक्का हाका मारतच राहिली. भावजी पोचले तेव्हा तिच्या बोटांना नखं राहिली नव्हती. मी गेले तर माझ्याकडं बघून म्हणाली, "कडी मीच घालायला लावली होती." ती हे एकदाच बोलली.

पुढं ते दोघं लातूरला आले. भावजींनी पत्र्याचं छत घालून घर बांधलं, का तर आक्का स्लॅबखाली झोपायला तयार नव्हती. काही वर्षांनी भावजीही गेले. तोवर लातुरात शिकवण्यांचं पीक आलं होतं. मुखेड, किनवट, उदगीर, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येत. जो तो घरात खाटा टाकून खोल्या देऊ लागला. आक्कानंही मुलींना खोल्या दिल्या, पण सुताराला बोलावून आतल्या सगळ्या कड्या आधी काढून घेतल्या. आईबाप हैराण! "आक्का, पोरीची जात हाय. आतून कडी पायजेच." आक्का म्हणायची, "भायेरच्याला मी बघते. मी गेटाला खाट टाकून झोपते, गेटाला कुलूप हाय. आतून कडी न्हाई मिळनार. पटत आसंल तर ऱ्हावा." दारावर ओढणी टाकली की आत कुणीतरी कपडे बदलतंय असं समजायचं. न्हाणीला कडीऐवजी दारात बादली. पोरी आधी नाकं मुरडत, मग सवय होई. आणि दिवसातून कितीदा तरी ही बाई खोल्यांवरून फिरायची. "रेश्मा, हायेस का?" "ओ, आक्का!" "सुवर्णा, हायेस का?" "ओ!" ओ आली की पुढं. पोरी मागं तिच्या नकला करायच्या. मी म्हणायची, आक्का, अभ्यास करू देशील का त्यांना? ती म्हणायची, "ओ द्यायला कितीक वेळ लागतो?"

मुक्तालाही शिकवणीसाठी मी तिथंच ठेवलं. त्याच साली पलीकडच्या गल्लीत एका वसतिगृहात एक पोरगा गेला. दार तोडावं लागलं म्हणे. त्या दिवसापासून आक्का पार भेदरली. जेवताना उठून हाका मारायची. मला नांदेडला फोन करून विचारायची, "तुझी लेक गप का ऱ्हाते गं?" मी म्हणायची, परीक्षा जवळ आली, दुसरं काय. सगळ्यांचीच पोरं तेव्हा गप होती, त्यात मला काही वेगळं दिसलं नाही.

मुक्ता डॉक्टर झाली नाही. फिजिओथेरपी केली, नांदेडातच असते, सुखात आहे. हे सगळं मी विसरूनसुद्धा गेले असते. पण आक्काच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लातूरला गेलो, पाहुणे पांगले, आणि मुक्ता त्याच जुन्या खोलीत दाराची फळी चाचपत उभी राहिली. कडी काढलेल्या जागी स्क्रूची भोकं अजून तशीच आहेत. त्यात बोट घालून म्हणाली, "आई, सराव परीक्षेचा शेवटचा निकाल लागला ना, त्या दिवशी दुपारी मी दारावर ओढणी टाकून बसले होते. मावशीनं हाक मारली, मी ओ दिली नाही. परत मारली, तरी नाही. मग ती ओढणीसकट दार ढकलून आत आली. सुपात शेंगा घेऊन माझ्या शेजारी बसली आणि अंधार पडेपर्यंत फोडत राहिली." मी विचारलं, "मग?" मुक्ता म्हणाली, "मग काय... दाराला कडी असती, तर मी त्या दिवशी लावली असती, आई."

झालं गेलं गंगेला मिळालं, असं लोक म्हणतात. पण जे झालंच नाही, त्याची भीती कुठं सोडायची? भाजी निवडताना एकदम ती खोली डोळ्यांपुढं येते, ती ओढणी येते, आणि मी काम टाकून मुक्ताला फोन लावते. ती कामात असते, चिडते. एकेकाळी आबा गेल्याची भीती होती, मग भूकंपाची झाली, मग लेकीच्या नावावर चढली. आता माझं वय झालं तर ती कमी होईल म्हटलं, कसलं काय. आक्का ही भीती इतकी वर्षं उरावर घेऊन पोरींना पिठलं-भाकरी कशी वाढत होती, देव जाणे.

दवाखान्यातून आणल्यावर मी तिथं होते, तेव्हा तर उलटंच झालं होतं. ती अंथरुणातून आम्हालाच विचारायची, "हायेस का?" आणि आम्ही सगळ्या खोल्यांतून ओ द्यायचो.

निघायच्या दिवशी मुक्ताची पोरगी, जुई, घरभर मोठ्या आजीला शोधत होती. चार वर्षांची आहे. कुणीतरी तिला सांगितलं, मोठी आजी चांदणी झाली. माझं डोकंच फिरलं. मी तिला हाताला धरून आक्काच्या खोलीपाशी नेलं. दार नुसतं लोटलेलं होतं. म्हटलं, "मार हाक."

"मोठी आजी, हायेस का?"

आत खाट, खाटेखाली शेंगांचं सूप. जुईनं आणखी मोठ्यानं हाक मारली. स्वयंपाकघरात मुक्ताचा भांडी घासायचा आवाज थांबला. पोरीला काय सांगायचं ते मी ओठांवर आणलं होतं, पण ते बाहेर पडेना. आक्कासारखी छाती माझी नाही. जुई दाराकडं बघत राहिली, मग तिनं मान वळवली. चेहरा घाबराघुबरा झालेला. माझा पदर घट्ट धरून तिनं विचारलं,

"आजी, तू हायेस का?"

"ओ," मी म्हटलं. "हाय गं बाई. हाय."