भिंत ओली आहे

कॉलेजात असताना एकदा मी कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत हातातला व्हिडिओ गेम खेळत होतो. स्वतःचाच रेकॉर्ड मोडायला जरासं बाकी होतं. तेवढ्यात एक गवंडीकाका शेजारी येऊन टेकले. पिशवीतून थापी डोकावत होती, मिशांना सिमेंट लागलेलं. त्यांनी न विचारता हात पुढं केला. वयस्कर माणूस, नाही कसं म्हणणार? रेकॉर्ड गेला.

मी त्यांना एकेक गेम लावून दाखवू लागलो. गाड्यांचा त्यांनी लगेच नापास केला. "हिला ब्रेकच न्हाई." सापाचाही नको. "सापाला खायला घालून मोठा कोन करतंय?"

मग वरून विटा पडू लागल्या आणि काका सावरून बसले. ओळंबा धरल्यासारखा एक डोळा मिटून त्यांनी पहिली ओळ भरली. ती गायब झाली.

"आरं, पडली की!"

"काका, ओळ भरली की जाते. त्याचेच मार्क मिळतात."

"भिंत पाडायचं मार्क देत्यात व्हय?" जणू मीच पाडली होती.

त्यानंतर काकांनी प्रत्येक ओळीत एक जागा मुद्दाम मोकळी सोडली. मी बोट दाखवलं, तर म्हणाले, "खिडकी हाय. वारा नको यायला?"

मार्क जागचे हलले नाहीत. भिंत मात्र छताला टेकायला आली, तोच एसटी आली. मी घाईनं गेम थांबवला. काकांनी तो दोन्ही हातांनी, जपून, माझ्या हातात ठेवला.

"लगीच हात लावू नगंस. वली हाय अजून."

खरं सांगतो, भोर येईपर्यंत मी बटणाला बोट लावलं नाही.