आबांच्या पेटीतली पांढरी चार

"हाऊ सूर मरी गया, भाऊ," अक्का म्हणाल्या आणि पट्टीवरचं बोट उचललं.

मी जळगावात पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. या कामाला सव्वीस वर्षं झाली. भाता फुटला, पट्टी अडकते, उंदरानं कापड खाल्लं, अशा तक्रारी पुष्कळ ऐकल्या. पेटी सुरात आली म्हणून परत घेऊन आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच.

अक्का चाळीसगावजवळच्या एका खेड्यातल्या. सोबत त्यांचा मुलगा सुनील, तो तालुक्याला शाळेत मास्तर आहे. अक्कांचे यजमान, आबा, गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवायचे. आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी वर्षश्राद्ध, आणि दुपारी घरीच मंडळाचं भजन. त्यासाठी सुनील आबांची बंद पडलेली पेटी माझ्याकडे टाकून गेला होता. मी आठवडाभर खपून ती नव्यासारखी करून दिली. आणि गुरुवारी सकाळी ती चादरीत गुंडाळून पुन्हा माझ्या टेबलावर हजर.

"आई म्हणते, ही आबांची पेटीच नाही," सुनील ओशाळून म्हणाला. "मी सांगितलं, लाकूड तेच आहे, पट्ट्या त्याच आहेत. ऐकतच नाही. हीच पेटी मांडणार असाल तर मी भजनाला बसणार नाही, म्हणते."

"लाकूड माले दिखस," अक्का म्हणाल्या. "मी काय लाकूड ऐकस?"

भानगड काय होती ते सांगतो. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली पितळेच्या दोन पातळ जिभा असतात. त्यांना रीड म्हणतात. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि आवाज येतो. दोन्ही रीड एका सुरात असल्या की आवाज सरळ येतो. एक जराशी उतरली की आवाज हलायला लागतो, वाँव वाँव वाँव असा. आम्ही म्हणतो, रीड भांडतायत. हे भांडण मिटवायचं, हेच माझं काम.

आबांच्या पेटीत पांढरी चार ही पट्टी भांडायची. नेमका तोच मंडळाचा सा. म्हणजे भजनाच्या आधी तीच पट्टी दाबून धरायची आणि तिच्यावर सगळ्यांनी आवाज लावायचा. मी ते भांडण मिटवलं होतं. अक्कांच्या लेखी सूर मेला होता.

आता जरा कबुली देतो. ती पट्टी मी हौसेनं सुरात आणली होती. कारण तिच्याशी माझी जुनी ओळख होती.

आमचं गाव त्यांच्या शेजारचं. दरवर्षी सप्ताहाला आबांचं मंडळ आमच्याकडे यायचं. मी तेव्हा विशीत होतो, सुतारकाम करायचो. गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आबांनी ती पट्टी दाबून धरली की डोळे भरून यायचे. का, ते कधी कळलं नाही, आणि कळावं असं वाटलंही नाही.

पुढे मी जळगावला नानांच्या दुकानात लागलो. नाना म्हणजे दुकानाचे मालक. मला घेतलं ते पेट्यांची खोकी बनवायला. पण नानांचा एक नियम होता. ज्याला वाजवता येत नाही, त्यानं रीडला हात लावायचा नाही. मला खोक्यांवर समाधान नव्हतं, म्हणून पेटी शिकलो. पाच वर्षं, रोज सकाळी दुकान उघडण्याआधी, तंबोरा लावून. कान तयार झाला. नाना खूश, मीही खूश.

आणि मग एकेक आवडतं गाणं हातचं जायला लागलं. लग्नात बँड सुरू झाला की मी मांडवाच्या मागे जाऊन उभा राहायचो. देवळातल्या स्पीकरवरची भजनं, बायकोनं हळदीला म्हटलेली गाणी, जिकडेतिकडे मला चुकाच ऐकू यायच्या. बायकोनं माझ्यासमोर गुणगुणणं सोडून दिलं. ते माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. पूर्वी जे आलाप ऐकून जांभया यायच्या, ते आता मी तासभर न हलता ऐकतो. ते सुख मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण मंडपात पोत्यावर बसून रडणारा तो सुतार मला फार आठवतो.

शिकून तयार झाल्यावर एका सप्ताहाला मी मुद्दाम गावी गेलो, आबांची पेटी ऐकायला. आबांनी पट्टी दाबली. वाँव वाँव वाँव. दोन अभंग कसेबसे काढले आणि उठलो. भजन संपल्यावर वर शहाणपणा केला. म्हणालो, "आबा, पांढरी चार उतरलीय. दुकानात आणा, मी करून देतो."

आबा हसले. "माले चालस रे. बठ्ठासले हाऊच सूर वळखीना शे." सगळ्यांना तोच ओळखीचा, एवढं सांगून त्यांनीच विचारलं, "तू कसाले उठी गया व्हता?"

मी चपला शोधायला लागलो. ते शेवटचं भेटणं.

म्हणून सुनीलनं पेटी आणली तेव्हा मी सगळ्यात आधी तीच पट्टी धरली होती. आबांचं राहिलेलं काम करतोय, असं मला वाटत होतं.

नाना आता ऐंशीला आले आहेत. दुकानात दारापाशी खुर्ची टाकून बसतात. ते म्हणाले, "भास्कर, बेसूर पेटी आपल्या दुकानातून बाहेर जाणार नाही."

"नाना, त्यांना तीच हवीय."

"मग त्यांना म्हणावं दुसरं दुकान बघा."

अक्का खुर्चीकडे वळल्या. "नाना, तुम्ही त्यासनं भजन ऐकं व्हतं का?"

"नाही."

"मंग?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "कर," ते म्हणाले. "पण आपला शिक्का मारू नकोस."

करायचं कसं, हा प्रश्न होताच. सूर चढवायचा तर रीडचं टोक खरडतात, उतरवायचा तर मूळ खरडतात. खरडलेलं पितळ परत येत नाही. ही रीड आधीच झिजलेली, मुळाशी कानस जास्त लागली तर जीभ तुटणार. नवी घालता येते, पण मग ती आबांची पेटी राहत नाही. त्यात मुख्य अडचण अशी, की सूर किती हलायचा याची कुठे नोंद नाही, रेकॉर्डिंग नाही. मीही सांगू शकत नव्हतो, दुरुस्त करताना मोजण्याआधीच मिटवलं होतं. रडायचो तेव्हा मोजत नव्हतो, आणि मोजता यायला लागलं तेव्हा उठून आलो होतो.

"अक्का, किती हलायचा हो?"

अक्कांनी हात पुढे केला आणि पाळणा हलवावा तसा हलवला. एका लयीत, अजिबात न चुकता. आयुष्यात त्या कुठलं वाद्य शिकल्या नव्हत्या.

मी रीड काढली. दोनदा कानस फिरवली, बसवली, वाजवली.

"भलता हळू शे."

पुन्हा काढली. पुन्हा बसवली. अक्का मान हलवायच्या, मी पुन्हा काढायचो. पाचव्या वेळी माझ्या बोटांना घाम आला. उजेडात धरली तर मुळाशी पितळ कागदाइतकं उरलं होतं. मी म्हणालो, "अक्का, आता एकदाच. यानंतर तुटेल."

"कर."

एकदाच कानस फिरवली. बसवली, भाता भरला, पट्टी दाबली. अक्कांचा हात हलत होता. पेटीचा सूर आणि हात बरोबर चालले.

"हाऊच," अक्का म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. "सोडू नको, भाऊ. दाबी ठेव."

मी भाता मारत राहिलो. दुकानात बेसूर वाजलं की एरवी नाना उठून बाहेर जातात, त्या दिवशी बसून राहिले.

रविवारी मी गेलो. सुनीलनं पट्टी दाबली आणि मंडळातल्या म्हाताऱ्यांनी एकदम माना वर केल्या. एकानं टाळ खाली ठेवून उपरण्यानं डोळे पुसले. अक्का पुढेच बसल्या होत्या, मांडीवर हात हलत होता. मी कान देऊन, जीव लावून ऐकलं. सेकंदाला तीन लहरी. माझ्या कानाला एवढंच सापडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण ते सुरामुळे नव्हे. त्या घरात सगळ्यांना काहीतरी ऐकू येत होतं आणि मला येत नव्हतं, म्हणून आलं. या वेळी मात्र आरती होईपर्यंत उठलो नाही.

पेटी परत देताना आत पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, पुढच्या दुरुस्तीवाल्यासाठी: 'पांढरी चार सुरात आणू नये.' शिक्का मारायचा नव्हता, म्हणून खाली माझं नाव घातलं.

तेव्हापासून पेटी उघडण्याआधी मी गिऱ्हाईकाला विचारतो, यातलं काही तसंच ठेवायचंय का? बहुतेक जण हसतात. एखादा मात्र जवळ येतो आणि एक पट्टी दाबून दाखवतो.