खालून पाहिलेला राजा

रिठद गावात दिवाळीला होणाऱ्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या लोकनाट्यात, राक्षसाचं सोंग वीस वर्षं जानरावाचंच. काय तो आवाज! पण त्या वर्षी त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. दंडारीचे म्होरके नानाजी म्हणाले, "बिनआवाजाचा राक्षस कोनाले भेववीन बावा? दिवाळीले सोंग दुसऱ्याले देतो."

खिन्न मनाने जानराव रिसोडच्या बाजाराला गेला आणि तंबूतल्या मुक्या सिनेमात जाऊन बसला. पडद्यावर एक राजा आला. तोंडातून शब्द नाही, तरी जानरावाच्या अंगावर काटा आला. केवढा तो राजा! डोकं जणू आभाळाला टेकलेलं. मग दिसलेली राणी मात्र मुंगीएवढी.

खेळ सुटल्यावर त्याने मशीन फिरवणाऱ्या रहमतुल्लाला गाठलं. "भाऊ, एवढा उंच मानूस आनला कुठून?"

रहमतुल्ला हसला. "अरे, तुह्याहून बुटका असन तो! कॅमेरा जमिनीवर ठेवून त्याले खालून पाह्यलं, अन् राणीले माडीवरून. बस, इतकीच करामत."

जानराव थक्क झाला. इतकी वर्षं आपण नुसते ओरडलो, आणि धाक तर पाहणाऱ्याच्या नजरेत होता!

दिवाळीत त्याने नानाजींकडे एकच प्रवेश मागितला. उभ्याने दंडार पाहणाऱ्या गावाला त्याने मातीत बसवलं, अगदी जवळ, आणि स्वतः बैलगाडीवर चढला. बोलला काहीच नाही. सावकाश मान खाली वळवून एकेकाकडे पाहत राहिला. पुढची पोरं आयांच्या पाठीमागे दडली.

टाळ वाजवणाऱ्या नानाजींचा हात थांबला. "उतर बावा खाली," ते पुटपुटले, "सोंग तुह्यंच हाय."