ऑर्विल प्रुइटचा अर्धा गुण

अलाबामातल्या हार्लन्स मिल गावात ऑर्विल प्रुइट जमीनमोजणीचं काम करायचा. पण त्याला मान होता तो अमेरिकन फुटबॉल संघांच्या क्रमवार यादीमुळे. कॉलेजांचे संघ शंभरावर, प्रत्येकाचे सामने जेमतेम डझनभर. बरेच संघ एकमेकांना भिडतच नसत. मग देशात पहिला कोण, हे वर्तमानपत्रवाले मतं देऊन ठरवायचे. ऑर्विलला ते पटत नसे. दर रविवारी चर्चहून आला की कोटसुद्धा न काढता तो आकडेमोड करी आणि आपली यादी कर्टिस न्हाव्याच्या दुकानात चिकटवी. सव्वीस वर्षांत गावाजवळचं कूसाटी कॉलेज तिसऱ्याच्या खाली कधी गेलं नव्हतं. साहजिकच, ऑर्विलचं गणित अचूक असतं यावर गावाचं एकमत होतं.

निवृत्तीनंतर त्यानं जुन्या वह्या काढल्या आणि आपलीच चूक त्याला सापडली. थोडक्या फरकानं हरलेल्या संघाला तो जिगरीचा अर्धा गुण द्यायचा. सव्वीस वर्षांत तो फक्त कूसाटीला मिळाला होता.

"तुला आत्ता कळलं?" बायको लव्हर्न मटार सोलत म्हणाली. "मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मीपण कूसाटीचीच ना!"

या खेपेला ऑर्विलनं अर्धा गुण सगळ्यांना दिला. दूरच्या आयडाहो राज्यातलं, कुणी नावही न ऐकलेलं एक कॉलेज पहिलं आलं. कूसाटी नववं.

"लेका, तब्येत बरी आहे ना?" कर्टिसनं यादी वाचून विचारलं.

खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडावरच्या साबणाच्या फेसासकट उठलं. "नववं? अरे, याच माणसानं माझं कुंपण आखलंय!"

आठवड्याभरात गावाची वेगळी यादी करायला पाच जणांची समिती चर्चच्या सभागृहात बसली. तळलेली कोंबडी संपल्यावर पाद्रीबुवा म्हणाले, "आधी विजेता ठरवू, मग नियम. उलटं केलं की असे घोळ होतात." कूसाटी एकमतानं पहिलं आलं. त्याला शोभतील असे नियम शोधायला मात्र अडीच तास लागले. पाण्याच्या टाकीवर 'राष्ट्रीय विजेते' असं रंगवलं गेलं. पुढच्याच शनिवारी कूसाटी हरलं. समितीनं ती हार सन्माननीय ठरवली.

समितीच्या यादीवर ऑर्विलकडे सही मागितली तेव्हा तो "नाही" म्हणाला. आपली यादी त्यानं स्वतःच्या ओसरीवर लावली. चर्चमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेना. जीव तुटायचा त्याचा.

एका शनिवारी दुपारी कर्टिस उकडलेल्या शेंगा घेऊन आला.

"ते तुझे आयडाहोवाले खेळतात तरी कसे?"

"मी कधी पाहिलंच नाही."

"काय सांगतोस! न बघताच पहिले?"

आयडाहोवाल्यांचा सामना बघायला तिघं टीव्हीसमोर बसले. पाऊण तासात कर्टिस असा उसळला की शेंगा सतरंजीभर झाल्या. लव्हर्ननंही टाळ्या पिटल्या.

जाताना कर्टिस टोपी चाचपत म्हणाला, "खरंच पहिले आहेत रे! पण दुकानात बोलू नकोस हं. समितीत मीही हात वर केला होता."