डावीकडची विंडो

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही... पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उरण रोडवरच्या एका गोदामात खोकी वाहून नेणारा पट्टा आहे, त्याचं प्रोग्रॅमिंग मी करतो. यात टाइप करायचं नसतं — स्क्रीनवर चौकोन मांडून रेघांनी जोडायचे. प्रत्येक भागाची वेगळी विंडो. दुपारपर्यंत पंधरा-वीस उघड्या, एकीवर एक. त्यांत दोन हुबेहूब सारख्या: एक सरावाची, तिच्यात काहीही चालवलं तरी फक्त चित्र हलतं, दुसरी खऱ्या पट्ट्याला जोडलेली, तिच्यात चित्र हलत नाही, पट्टाच हलतो.

आमचे सीनियर गायकवाड दादा, लातूरकडचे. खरी विंडो कायम डावीकडे, बाकी सगळं उजवीकडे, हा त्यांचा हट्ट. आम्ही वास्तुशास्त्र म्हणून चिडवायचो. ते म्हणायचे, "डावीकडं जित्तं, उजवीकडं मेलेलं. इसरू नको." गेल्या वर्षी ते अडकलेलं खोकं काढत असताना पट्टा अचानक सुरू झाला आणि दादा गेले. रिपोर्टमध्ये सेन्सरचा बिघाड लिहिलाय.

मागच्या महिन्यात, भर दुपारी, पुन्हा खोकं अडकलं. मेन स्विचला कुलूप लावायचा नियम आहे, पण घाईत कोण लावतं... आमचे फिटर म्हात्रे काका "मी आत हाय रं, चालू नको करू" म्हणत पट्ट्याखाली शिरले. तेवढ्यात सरावाच्या विंडोत एक बदल तपासून घ्यावा म्हणून मी माऊस 'रन'वर नेला, आणि विंडो आपोआप डावीकडे सरकली. मी उजवीकडे ओढली. पुन्हा डावीकडे. माऊस बिघडलाय म्हणून वैतागून तिसऱ्यांदा ओढली — ती परत डावीकडे, आणि बाकीच्या एकेक करून मिटल्या. उरलेल्या एकीचं नाव मी तेव्हा कुठे वाचलं. ती खरी होती. मी माऊसवरून हात काढला.

काका कपडे झटकत बाहेर आले. "काय झाला रं? तोंड का उतरलाय?" मी पाणी प्यायला गेलो.

लॅपटॉप दोनदा तपासून घेतला, काही सापडलं नाही. पण दादा गेले त्या दुपारीही लॅपटॉपवर मीच होतो. तेव्हाही दोन्ही विंडो उघड्या होत्या. मी 'रन' दाबलं होतं, सरावाच्या विंडोत, असं वर्षभर स्वतःला बजावत आलो. चित्र मात्र हललं नव्हतं... हे मला पक्कं आठवतं.

गायकवाड वहिनी सीवूड्सला राहतात. सेन्सर बिघडला होता, असंच त्या अजून समजतात.